ईश्वरप्पाला सांगितलेला भाव

देगलूरच्या जुन्या बाजारात, पिठाच्या गिरणीला लागून पत्र्याचं एक दुकान आहे. तिथं खाजामियाँ चिरूट वळत बसतो. चिरूट हा झाला कागदावरचा शब्द. तेलंगणाची हद्द हाकेवर असल्यामुळं गावात त्याला चुट्टाच म्हणतात. खाजामियाँचं वय एकाहत्तर. सत्तावन्न वर्षं झाली त्याला या कामाला, आणि या बाबानं जन्मात एक झुरका मारलेला नाही. हसू नका, खरंय हे. त्याचा बाप म्हणायचा, वळणाऱ्यानं ओढू नये. ओढायला लागला की चांगलं पान स्वतःसाठी राखतो आणि गिऱ्हाइकाला कचरा देतो. बापाचा शब्द त्यानं पाळला.

काम म्हणाल तर साधं, पण करायला बसलं की कळतं. तंबाखूचं पान ओल्या फडक्यात दमट करायचं, मधली शीर अलगद ओढून काढायची, तुकडा-चुरा आत भरायचा, लाकडी पाटावर तळहातानं वळायचं आणि शेवटाला पिठाच्या खळीचा ठिपका लावून टोक बसवायचं. सैल वळला तर भडकन जळतो, घट्ट वळला तर ओढता ओढता गालाला खड्डे पडतात. खाजामियाँचा चुट्टा ना सैल ना घट्ट. एके काळी त्याच्या बापाकडं चार माणसं वळायला होती. आता तो एकटा, आणि गिऱ्हाइकं पंचवीस-तीस, बहुतेक दात पडलेली. तरण्या पोरांना सिगारेट पाहिजे, गुटखा पाहिजे. चुट्ट्याच्या वासानं त्यांना ठसका लागतो.

या पंचवीस-तिसांत ईश्वरप्पा निराळा. मोंढ्यात चाळीस वर्षं अडत चालवलेला माणूस. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अंगात पांढरं धोतर-सदरा, आणि स्वभावानं असा चिकट की त्याच्या मुठीतून मुंगीसुद्धा सुटायची नाही. बायको सिद्धम्मा आठ वर्षांमागं गेली. एकुलता एक मुलगा शिवकुमार लातूरला कॉलेजात शिकवतो. म्हातारा देगलूर सोडायला तयार नाही. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, भाकरी. पूजेआधी धुराला शिवायचं नाही हा नेम. मग दहाच्या ठोक्याला खाजामियाँच्या दुकानात. चार चुट्टे घ्यायचे, एक तिथंच पेटवायचा आणि तासभर बसायचं.

हे बसणं पंचेचाळीस वर्षांचं. दोघं काय बोलायचे म्हणाल तर काहीच नाही. तुरीचा भाव, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाची बस चुकली. कधी कधी तासभर दोघंही गप्प, एक वळतोय, एक ओढतोय. पण खाजामियाँची पोरगी अफसाना बाळंतपणात अडली तेव्हा रात्रीची जीप काढून नांदेडला नेणारा ईश्वरप्पाच होता, आणि सिद्धम्मा गेली तेव्हा तीन दिवस दुकान बंद ठेवून त्याच्या ओसरीवर बसून राहिलेला खाजामियाँ. सख्ख्या भावांत एवढं नसतं.

तर यंदा फेब्रुवारीत तंबाखूवरचा कर वाढला. वाढला म्हणजे असा वाढला, की पानाचा ठोक व्यापारी फोनवर नवा दर सांगताना स्वतःच दोनदा थांबला. दहाचा चुट्टा सोळाला द्यावा लागणार हे खाजामियाँनं त्या फोनवरच ओळखलं. पंचवीस-तीस गिऱ्हाइकं, त्यातली अर्धी सुटली तर दुकानाला कुलूप.

पण माणसाची गंमत बघा. एक रिटायर तलाठी होता, त्यानं भर बाजारात जाहीर केलं की आजपासून बंद, आपण काय गुलाम आहोत का. आठवड्यानं तो चहाच्या हॉटेलामागं पाठ करून विडी ओढताना सापडला. उमाशंकर पहिलवानानं दुकानातली सुरी घेऊन एकाचे दोन तुकडे केले आणि म्हणाला, झाली ना बचत. चार दिवसांत तो असे सहा तुकडे ओढायला लागला. एक उंटावरचा शहाणा बसनं हद्दीपलीकडं मदनूरला गेला, तिकडं स्वस्त मिळेल म्हणून. तिकडंही तोच भाव. कर काय वेस बघून लागतो? तिकिटाचे पैसे मात्र गेले. कंधारकडची सरजाबाई आठवडी बाजाराला यायची. तिनं पाव तास सरकारचा उद्धार केला, त्यातले शब्द काही इथं सांगता येत नाहीत, आणि मग पदराची गाठ सोडून नेहमीएवढेच घेतले. पुढं कळलं, बाईनं दुपारचा चहा सोडला होता. खरोखर सुटला असा एकच निघाला, आणि तो त्याच महिन्यात वारला म्हणून.

ईश्वरप्पानं काय करावं? त्यानं सोळा ऐकलं, सरकारच्या नानाची टांग म्हणाला, आणि चार घेतले. मुठीतून मुंगी न सुटणारा माणूस, पण चुट्ट्यापुढं त्याचंही काही चाललं नाही.

शिमगा झाल्यावर दोन दिवसांनी शिवकुमार दुकानात आला. बाप बरोबर नव्हता. एवढा शिकलेला माणूस, पण पायरीवर बसताना लहान पोरासारखा अवघडून बसला. म्हणाला, मागच्या आठवड्यात बाबांना लातूरला नेलं होतं, दात दुखतो म्हणत होते. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर टाळूला पांढरा चट्टा. तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नाही, पण त्याच्या उंबऱ्यावर आहे. धूर आज बंद केला तर चट्टा जागच्या जागी राहील, कदाचित जाईलही. नाही बंद केला तर मग काही खरं नाही.

खाजामियाँच्या हातातलं पान तसंच राहिलं. त्यानं विचारलं, अप्पा काय म्हणाला?

शिवकुमार खाली बघत म्हणाला, त्यांना सांगितलंच नाही. डॉक्टर माझ्याशी बाहेर बोलले. बाबांना म्हटलं, उष्णता आहे, गुलकंद खा. आई गेल्यापासून ते आतून खचलेत चाचा, कॅन्सर हा शब्द जरी ऐकला तर धसका घेऊन महिन्यात जातील. आता आपल्याकडं हे असंच चालतं. ज्याचं दुखणं त्यालाच सोडून साऱ्या गल्लीला ठाऊक असतं, आणि त्याच्यापुढं सगळे गोड हसतात. याला आपण माया म्हणतो.

मग त्यानं मुद्द्याचं काढलं. "चाचा, बाबा डॉक्टरचं ऐकणार नाहीत, माझं तर नाहीच नाही. ते ऐकतात फक्त बाजारभावाचं. सोनारानंच कान टोचावेत. तुम्ही त्यांना सांगा, कर आणखी वाढला, चुट्टा चाळीसला झाला. ते सोडतील."

खाजामियाँनं लगेच हो म्हटलं नाही. तो म्हणाला, विचार करतो. त्या रात्री जेवताना त्यानं बायकोला, बानोला सगळं सांगितलं. बानो भाकरी मोडता मोडता थांबली. ती कमी बोलणारी बाई, पण बोलली की खुंटा ठोकल्यागत. म्हणाली, यात विचार कसला करायचा? उद्या अप्पा आले की दुकानात बसवा आणि तोंडावर सांगा, तुमच्या टाळूला असं असं झालंय, आजपासून माझ्या हातचा चुट्टा तुम्हाला हराम. खाजामियाँ म्हणाला, पोरानं शपथ घातल्यागत सांगितलंय, धसका घेईल. बानो म्हणाली, पोराला काय कळतंय, तुम्ही पंचेचाळीस वर्षं बघताय त्याला.

"अजी, झूट से किसी की जान बची नईं आज तक," ती शेवटी म्हणाली आणि ताट उचलून घेऊन गेली.

खरं तर ती बोलली ते त्याला पटलं होतं. पटलं तरी माणूस तसा वागतोच असं नाही. दुसऱ्या दिवशी दहाला ईश्वरप्पा आला, स्टुलावर टेकला, चार बोटं वर केली, आणि खाजामियाँ पानावरची नजर न उचलता म्हणाला, अप्पा, कर परत वाढला. चाळीसला पडतोय एक.

ईश्वरप्पा जो भडकला म्हणता! दिल्लीपासून देगलूरपर्यंत एकाला सोडलं नाही. काठी आपटली, धोतराचा सोगा झटकला, पायरी उतरून गेला, परत आला. चाळीस वर्षं भावाशी खेळलेला माणूस, खाजामियाँला वाटलं आता हा खोट पकडणार. पण त्याला एवढंही सुचलं नाही की समोरच्या हॉटेलात जाऊन दुसऱ्या कुणाला विचारावं. खाजा खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्यानं दोन घेतले.

महिन्याभरात तो एकावर आला. खाजामियाँला आनंद किती व्हावा! त्यानं शिवकुमारला फोन लावून सांगितलं, अप्पा एकावर आलाय, अजून थोडं थांब, तोही सुटंल. शिवकुमार फोनवर रडला. ते जास्तीचे पैसे खाजामियाँनं घरात नेले नाहीत. ते हलाल नव्हेत हे त्याला बानोनं सांगायची गरज नव्हती. तो ते दर्ग्यापुढं बसणाऱ्यांना वाटून टाकायचा. बाकी गिऱ्हाइकांना त्यानं डोळा घातला होता, अप्पासमोर भावाचं बोलू नका म्हणून, आणि म्हातारी माणसं असल्या खेळात हौसेनं सामील होतात.

फक्त एक गोष्ट त्याला खटकायची. ईश्वरप्पा आता चुट्टा दुकानात पेटवायचा नाही. सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि म्हणायचा, घरी ओढतो. बसणं तासावरून दहा मिनिटांवर आलं. बोलणं तर त्याहून कमी, ओठ मिटलेले, विचारलं की मान हलवायची. खाजामियाँला वाटलं, भावाचा राग धरलाय, निवळेल. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. आषाढात एका आठवड्यात ईश्वरप्पा तीनच दिवस आला, आणि पुढचे चार दिवस आलाच नाही. पाचव्या दिवशी खाजामियाँ दुकान शेजारच्या गिरणीवाल्याच्या भरवशावर टाकून त्याच्या घरी निघाला.

पुढचं दार उघडंच होतं. आत कुणी नाही. मागच्या अंगणात लिंबाखाली ईश्वरप्पा पोत्यावर बसलेला, आणि समोर लच्चव्वा सूप घेऊन हरभरा पाखडत होती. ही लच्चव्वा मदनूरकडची, तेलुगू बाई; तीस वर्षं ईश्वरप्पाच्या अडतीवर धान्य पाखडायला असायची, आणि अडत बंद झाल्यावरही घरचं धान्य निवडून द्यायला यायची. दोघांच्याही हातात चुट्टा नव्हता, तोंडात काही दिसत नव्हतं. आणि तरी दोघांच्याही नाकातून धूर येत होता.

खाजामियाँ जागीच थबकला. हे त्यानं आयुष्यभर पाहिलेलं होतं, हद्दीपलीकडच्या बायांत. चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरायचं आणि ओठ मिटून घ्यायचे. बाहेर दिसतो तो न जळालेला बोटभर शेंडा, कधी तोही नाही. शेतात दोन्ही हात कामात गुंतलेले, वर वारा-पाऊस. उलटा धरला की विझत नाही, आणि तोंडाच्या ओलीनं इतका हळू जळतो की एक चुट्टा दिवसभर पुरतो. गरिबाची युक्ती होती ती. पण तो निखारा असतो टाळूच्या खाली, बोटभर अंतरावर. लच्चव्वा बोलते ती नाकातून, आणि तिचे अर्धे शब्द कळत नाहीत, ते का हे देगलुरात कुणी तिला विचारलेलं नाही.

ईश्वरप्पानं त्याला बघितलं आणि दोन बोटांनी चुट्टा तोंडातून काढला. टोकाला राख आणि लाल निखारा. मोंढ्यात तूर वधारल्यावर यायचा तसा आनंद त्याच्या तोंडावर आला.

"बघ खाजा, तुझ्या सरकारला कसं हरवलं म्या. सकाळी पेटवला की दिवस मावळंपर्यंत एक पुरतो. हिनं शिकवलं. आधी चटका बसायचा, जीभ सोलली, आता काय बी कळत न्हाई."

काय बी कळत नाही, हेच तर. टाळूला चटका कळेनासा झाला होता. खाजामियाँनं विचारलं, कधीपासनं? ईश्वरप्पा म्हणाला, तू चाळीस सांगितलेस त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासनं.

म्हणजे चार महिने. चार महिने रोज बारा बारा तास, नेमक्या त्या चट्ट्याखाली निखारा. सरळ ओढत होता तेव्हा चार चुट्टे मिळून दोन-तीन तासांचा धूर व्हायचा. आगीतून काढायला गेले आणि थेट चुलीत घातलं. खाजामियाँनं तेव्हा तिथंच बोलायला हवं होतं. लच्चव्वा होती म्हणून काय झालं? तोंड उघडायचं आणि सांगून टाकायचं. तो उघडायला गेला आणि त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते असं, की अप्पा, भाव उतरला. सोळाला आला परत. आता सरळ ओढ, पहिल्यावाणी दुकानात येऊन ओढ.

विचार करा, कुठं येऊन पोचला होता हा माणूस. ज्याला सोडवायचं, त्यालाच तो विनवत होता की बाबा ओढ, चार ओढ, पण सरळ ओढ. त्यानं तर खिशातले आठ चुट्टे काढून पोत्यावर ठेवले आणि म्हणाला, हे माझ्याकडून, पैसे नकोत.

ईश्वरप्पा हसला. म्हणाला, भाव उतरला म्हणून माल उधळायचा असतो काय? उतरल्यावर साठवायचा असतो. आन सरळ ओढला तर आता मिळमिळीत लागतो, पाणी प्याल्यागत. त्यानं आठही चुट्टे फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवले आणि हातातला परत उलटा तोंडात धरला. जित्याची खोड एक वेळ भावानं थोपेल असं वाटलं होतं. तिनं भावालाच कामाला लावलं.

घरी येऊन खाजामियाँनं शिवकुमारला फोन केला. शिवकुमार म्हणाला, चाचा, तुम्ही काही बोलू नका, परीक्षा संपल्या की मी येतो, लातूरला घेऊन जातो, मग बघू. खाजामियाँ बरं म्हणाला. बानो दारात उभी राहून ऐकत होती.

परीक्षा संपायला तीन आठवडे गेले. गणपतीच्या आधी एका सकाळी ईश्वरप्पा चहा पिताना चहा त्याच्या नाकातून बाहेर आला. त्याला वाटलं ठसका लागला. दुसऱ्यांदा प्याला, परत आला. तिसऱ्यांदा त्यानं बशी खाली ठेवली. टाळूला भोक पडलं होतं.

लातूरला नेल्यावर मात्र कुणाला काही लपवता आलं नाही. तिथली तरुण डॉक्टरीण जुनी फाईल चाळत, सगळ्यांसमोर, सहज म्हणाली की मार्चमध्येच तर सांगितलं होतं, मग धूर का बंद केला नाही? ईश्वरप्पानं मान वळवून मुलाकडं पाहिलं. शिवकुमार खिडकीबाहेर बघायला लागला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाजामियाँ एसटीनं लातूरला गेला. वाटेतल्या एका स्टँडवर बस अर्धा तास थांबली, तेव्हा त्याच्या मनात आलं, इथूनच परत फिरावं. एवढा भ्याला होता. पण गेला. ईश्वरप्पा खाटेवर उशाला टेकून बसला होता. विभूती लावलेली, दाढी वाढलेली, तोंडावर ओला रुमाल. शिवकुमार औषधं आणायला खाली गेलेला. खाजामियाँ स्टूल ओढून बसला. दोघं पुष्कळ वेळ गप्प बसले, दुकानात बसायचे तसे, फक्त इथं त्या गप्प बसण्यात जीव नव्हता.

मग ईश्वरप्पानं रुमाल बाजूला केला. आवाज नाकातून येत होता, लच्चव्वासारखाच. दोनदा बोलावं लागलं तेव्हा कळलं.

"तुला ठावं व्हतं?"

खाजामियाँ म्हणाला, "हाव."

"शिमग्यापासनं?"

"हाव."

ईश्वरप्पानं डोळे मिटले. मग थांबत थांबत, एकेका शब्दाला दम घेत तो बोलला. "चाळीस वर्षं मोंढ्यात काढली म्या. घर बुडतंय असे भाव ऐकले, उभ्यानं ऐकले. सिद्धम्मा गेली, ते बी ऐकलं. एकदा तरी धसका घेतला का? तुमी मला भाव सांगत बसलात, खाजा. भावाला म्या कवाच हार गेलो न्हाई, माझा धंदाच त्यो. मला दुखणं सांगायचं व्हतं. त्याच दिशी टाकला असता."

टाकला असता का नसता, कुणी सांगावं! पण मरणाच्या दारातला माणूस असं म्हणतो तेव्हा त्यावर बोलायला काही उरत नाही. खाजामियाँ ढसाढसा रडला. शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. ईश्वरप्पानं रुमाल परत तोंडावर घेतला आणि भिंतीकडं कूस बदलली.

ऑपरेशनमध्ये वरचा जबडा अर्धा काढावा लागला. त्यानंतर त्याला बोलता आलं नाही. नाकातून नळी, पातळ पेज, आणि गालाला अशी सूज की ओळखू येऊ नये. खाजामियाँ आणखी चार वेळा जाऊन आला. दर वेळी ईश्वरप्पानं त्याला बघितलं आणि हळूहळू भिंतीकडं तोंड फिरवलं. रागानं फिरवलं का दाखवायची लाज वाटली म्हणून, हे खाजामियाँला समजलं नाही. दिवाळीच्या आठ दिवस आधी ईश्वरप्पा गेला.

मयत देगलूरला आणली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला बसता करून, हातात लिंग देऊन, स्वतःच्या शेताच्या बांधाला मातीत ठेवला. माती द्यायला मोंढ्यातली माणसं होती, तलाठी होता, पहिलवान होता. लच्चव्वा लांब बाभळीखाली बसून होती. खाजामियाँच्या जमातीतही मातीच देतात, त्यामुळं त्याला काही विचारावं लागलं नाही; त्यानं तीन मुठी टाकल्या आणि बाजूला झाला.

लोक एकमेकांत बोलत होते. कुणी म्हणालं, कर वाढल्यावर बिचाऱ्यानं चारावरून एक केला होता, एवढा निग्रह केला तरी गाठलंच. दुसरा म्हणाला, नाही तर आणखी आधी गेला असता. शिवकुमारनं ते ऐकलं. तो खाजामियाँजवळ आला, त्याचा मातीनं भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, चाचा, मनाला लावून घेऊ नका, आपण दोघांनी जे केलं ते त्यांच्या चांगल्यासाठीच केलं.

पोराला त्या वेळी एवढाच आधार पाहिजे होता. हो म्हटलं असतं तर दोघंही सुटले असते. खाजामियाँनं हात सोडवून घेतला.

"तुझं मला ठावं न्हाई, बाबा," तो म्हणाला. "माझं सांगतो. भाव सांगितला तर एकासाठी तरी तो येत राहणार व्हता. खरं सांगितलं असतं तर अप्पानं चुट्टा पुरता टाकला असता. चुट्टा टाकला म्हंजी माझ्या दुकानात यायचं त्याला कारणच उरलं नसतं. मला ते नको व्हतं."